परत केलेल्या पुरस्कारांचा मानकरी

सन्मान म्हटला की आपल्याकडे शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि लांबलेली भाषणे डोळ्यांपुढे येतात. माजी कुलगुरूंचा सन्मान असेल तर मानपत्राची चौकट आणखी मोठी. २०१५ च्या सप्टेंबरपासून मात्र एका माजी कुलगुरूचा सन्मान अगदी उलट रीतीने झाला. लेखकांनी आपापल्या भिंतीवरची मानपत्रे उतरवली आणि ती ज्यांनी दिली होती त्यांच्याकडे परत पाठवली.

कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर पाटील, म्हणजे कर्नाटकात सगळे ज्यांना ‘चंपा’ म्हणत ते, यांनी राज्य सरकारचा पंप पुरस्कार परत केला. हिंदी कथाकार उदय प्रकाश यांनी ‘मोहनदास’साठी मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार परत करत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये नयनतारा सहगल आणि अशोक वाजपेयी यांनी तेच केले. मग ओघच लागला. तीसहून अधिक लेखकांनी अकादमीचे पुरस्कार परत केले. मराठीत प्रज्ञा दया पवार यांनी राज्य शासनाचे पुरस्कार परत दिले. शशी देशपांडे यांनी अकादमीच्या सर्वसाधारण परिषदेचा राजीनामा दिला. त्यांचा जन्म धारवाडचा, नाटककार श्रीरंग हे त्यांचे वडील, त्यामुळे ज्या घटनेवरून हे सारे झाले ती त्यांच्या माहेरच्या गल्लीत घडल्यासारखी होती.

ज्यांच्यासाठी हे झाले ते डॉ. मल्लेशप्पा मडिवाळप्पा कलबुर्गी. हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे १९९८ ते २००१ या काळातले कुलगुरू, शिलालेखांचे आणि वचनसाहित्याचे संशोधक. ३० ऑगस्ट २०१५, रविवार. सकाळचे पावणेनऊही वाजले नव्हते. धारवाडच्या कल्याणनगरातल्या त्यांच्या घरासमोर मोटारसायकलवरून दोघे आले. त्यातला एक दारापर्यंत आला आणि त्याने ‘सर आहेत का’ म्हणून चौकशी केली. पत्नी उमादेवी यांना तो विद्यार्थी वाटला. त्यात वावगे काही नव्हते, कारण त्या घरी विद्यार्थी केव्हाही येत. उमादेवी आत वळल्या, कलबुर्गी दाराशी आले आणि गोळ्या झाडल्या गेल्या. ते ७६ वर्षांचे होते. घराला दिलेला पोलीस पहारा काही दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच काढून घ्यायला सांगितला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला धारवाड परके नाही, हे आधी सांगायला हवे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये बदलली, सीमाप्रश्न उभा राहिला, आंदोलने झाली. पण बेळगावच्या लिंगराज किंवा राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकलेल्या कडोलीच्या, येळ्ळूरच्या, उचगावच्या मुलामुलींच्या पदवीवर पुढची कित्येक वर्षे धारवाडचाच शिक्का होता. २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले तेव्हा कुठे हे थांबले. जी. ए. कुलकर्णी बेळगाव परिसरातले. तेही आयुष्याचा बराच काळ धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि तिथे बसून मराठी कथा लिहीत राहिले. कलबुर्गी १९६२ पासून त्याच गावात कन्नड शिकवत होते. ते कन्नडच्या हक्कासाठी ठामपणे बोलणारे होते आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचे त्यांच्याशी या बाबतीत पटले नसते. पण त्यांनी ज्या गोष्टीची किंमत मोजली ती भाषेच्या वादापलीकडची आहे, आणि ती या भागातल्या मातीतच रुतलेली आहे.

विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी तालुक्यात, शेतकरी कुटुंबात १९३८ साली त्यांचा जन्म झाला. ‘कविराजमार्ग’ या कन्नडमधल्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथाच्या परिसरातले साहित्य हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. पुढे ते कर्नाटक विद्यापीठात कन्नड विभागाचे प्रमुख झाले. शंभराच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. पण त्यांचे काम कळायचे तर पुस्तकांच्या यादीपेक्षा शिलालेखाचा ठसा कसा घेतात ते पाहावे. शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या ओवरीत पडलेला दगड आधी पाण्याने स्वच्छ घासतात. त्यावर ओला कागद पसरतात. मग ब्रशने तो इतका ठोकत राहतात की कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. वरून शाईचा बोळा फिरवला की जमीन काळी होते आणि अक्षरे पांढरी राहतात. दगडाला जे म्हणायचे असते तेवढेच कागदावर उतरते; वाचणाऱ्याला काय आवडेल याचा त्यात संबंध नसतो. कलबुर्गींनी धारवाड जिल्ह्यातल्या शिलालेखांची सूची केली ती अशाच ठशांच्या आधारावर. पोथ्यांकडे आणि संतांच्या चरित्रांकडेही ते याच नजरेने पाहत.

खटका उडाला तो इथे. ‘मार्ग’ या नावाने त्यांच्या संशोधनपर निबंधांचे खंड निघत गेले. पहिल्या खंडातले दोन निबंध बाराव्या शतकातल्या शरणांविषयी, म्हणजे बसवेश्वरांच्या भोवतीच्या वचनकार भक्तांविषयी होते. एकात बसवेश्वरांच्या पत्नी नीलांबिका यांच्या वचनांवरून त्यांच्या वैवाहिक जीवनाविषयी अनुमान काढले होते. दुसऱ्यात बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्या जन्माविषयी परंपरेहून वेगळा निष्कर्ष होता. चन्नबसवण्णांचे वडील म्हणजे डोहर कक्कय्या, कातडी कमावणाऱ्या समाजातले शरण, असे कलबुर्गींचे म्हणणे होते.

बेळगावच्या माणसाने इथे जरा थांबून नकाशा पाहावा. बसवेश्वरांच्या कल्याणातल्या (आजच्या बसवकल्याणातल्या) उलथापालथीनंतर शरण पश्चिमेकडे निघाले. परंपरा सांगते की पाठलाग करणाऱ्या सैन्याशी लढताना कक्कय्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत पडले. त्यांची समाधी तिथे आहे. चन्नबसवण्णा पुढे उळवीच्या जंगलात गेले, त्यांची समाधी उळवीला आहे. माघी पौर्णिमेच्या यात्रेला बेळगाव-धारवाड भागातून आजही बैलगाड्या उळवीला जातात. महाराष्ट्रातला ढोर समाज कक्कय्यांना आपला संत मानतो. मुंबईत धारावीतल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. म्हणजे ज्या दोघांच्या नात्याबद्दल एका प्राध्यापकाने लिहिले ते दोघेही कडोलीहून दिवसभरात जाऊन येता येईल अशा अंतरावर चिरविश्रांती घेत आहेत, आणि त्यांना मानणारी माणसे दोन्ही भाषांत आहेत.

कलबुर्गींचा निष्कर्ष बरोबर की चूक, हे ठरवण्याचा रस्ता सरळ होता. दुसऱ्या अभ्यासकाने पोथी काढावी, वचन दाखवावे, खोडून काढावे. कन्नडमध्ये अशी वादाची परंपरा चांगली भक्कम आहे. तसे झाले नाही. १९८९ मध्ये मठांच्या आणि समाजाच्या पुढाऱ्यांसमोर उभे राहून त्यांना ते लिखाण मागे घ्यावे लागले. कुटुंबाचा जीव वाचवण्यासाठी आपण हे केले, पण त्या दिवशी आपली बौद्धिक आत्महत्या झाली, अशा अर्थाचे ते नंतर बोलले. एका विद्वानाने स्वतःबद्दल इतके कठोर बोलावे हे वाचताना आजही पोटात कालवते. कारण त्या प्रसंगात अपराधी कोण होते, हे उघड आहे, आणि ते कलबुर्गी नव्हते.

मराठी वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. निपाणीच्या पलीकडे, हमरस्त्यावरच कागल आहे. तिथले आनंद यादव ‘झोंबी’मुळे घराघरांत पोचलेले, पुणे विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख राहिलेले. महाबळेश्वरच्या २००९ च्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावरून वारकऱ्यांचा एक मोठा वर्ग संतापला. यादवांनी कादंबरी मागे घेतली, माफी मागितली. तरीही त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. यादवांचे चित्रण अनेक समीक्षकांना पटले नव्हते, वारकऱ्यांचे दुखावणेही खोटे नव्हते. पण कादंबरीला उत्तर म्हणून दुसरी कादंबरी, एखादा कडक परीक्षणलेख, एखादी सभा एवढे पुरेसे नव्हते का? कागल आणि धारवाड यांच्यात तीन तासांचाही रस्ता नाही. त्या पट्ट्यात वीस वर्षांच्या अंतराने दोन प्राध्यापकांना संतचरित्रावरून एकाच प्रकारे मान खाली घालावी लागली.

कलबुर्गींचे मोठेपण १९८९ नंतर दिसते. मान झुकवावी लागलेला माणूस सहसा पुढे सावध होतो. निरुपद्रवी विषय निवडतो, शाली स्वीकारतो, निवृत्त होतो. कलबुर्गींनी ‘मार्ग’चे पुढचे खंड काढले. कर्नाटक सरकारने पंधरा खंडांत समग्र वचने छापली त्याचे ते प्रमुख संपादक होते. हे काम साधे नव्हते. फ. गु. हळकट्टी नावाच्या विजापूरच्या वकिलांनी घरोघर फिरून ताडपत्रांवरची वचने गोळा केली होती आणि १९२३ मध्ये त्यांचा पहिला मोठा संग्रह बेळगावच्या महावीर छापखान्यात छापला होता. त्या कामाला कलबुर्गींनी काटेकोर संपादनाची शिस्त लावली. बसव समितीने वचनांचा अनेक भारतीय भाषांत अनुवाद करवला, त्यात मराठीही आहे. त्याचेही प्रमुख संपादक कलबुर्गीच. विजापूरच्या आदिलशाहीतले फारसी आणि दखनी साहित्य कन्नडमध्ये आणण्याचा मोठा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. शिवकाल समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

१९९८ मध्ये ते हंपीला कुलगुरू झाले. १९९१ साली स्थापन झालेले, संशोधनालाच वाहिलेले हे विद्यापीठ. अशा ठिकाणी कुलगुरूच्या हातात सत्ता असते ती फार साधी दिसणारी: कोणता विषय संशोधनाला मान्य करायचा, कोणता प्रबंध छापायचा, गावातून निवेदन घेऊन आलेल्या शिष्टमंडळाला काय सांगायचे. व्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द भाषणांत आभाळाएवढा होतो. विद्यापीठात तो एका तरुण संशोधकाच्या टिपणवहीएवढा असतो. तिने शोधलेले तिला लिहिता येते की नाही, एवढाच प्रश्न. स्वतः लिहिलेले मागे घ्यावे लागलेला माणूस त्या खुर्चीत बसला, याला म्हणून महत्त्व आहे. २००६ मध्ये ‘मार्ग’च्या चौथ्या खंडाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या मालिकेच्या पहिल्या खंडासाठी माफी मागावी लागली, त्याच मालिकेला देशाची पावती.

मराठीला कुलगुरूंचे असे घराणे आहेच. रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा पहिले कुलगुरू परांजपे; पुढे लखनौचे आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे. उघडपणे बुद्धिवादी, धर्मविधी न मानणारे, आणि तसे लिहिणारे-बोलणारे. टीका त्यांच्यावर भरपूर झाली. तरी ते पुण्यात मानाने जगले आणि १९६६ मध्ये नव्वदीत वारले. कलबुर्गींचा अंत आठवला की या दोन तारखांमध्ये काय हरवले ते मोजावेसे वाटते.

ज्या वर्षी धारवाडला गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने एक निवेदन प्रसिद्ध केले. अध्यक्ष रॉबर्ट झिमर यांनी कायद्याचे प्राध्यापक जेफ्री स्टोन यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली होती. कोणाला एखादा विचार आक्षेपार्ह, अगदी घृणास्पद वाटला तरी त्यामुळे विद्यापीठाने त्याची चर्चा थांबवू नये, असे तिने बजावले. पुढे अनेक विद्यापीठांनी ते तत्त्व स्वीकारले आणि झिमर यांचे त्याबद्दल कौतुक झाले. ते योग्यच होते. पण आपल्या देशात हेच तत्त्व सांगणाऱ्याला आधी पोलीस पहारा लागतो, आणि तोही पुरत नाही.

जून २०१४ मध्ये बंगळूरला अंधश्रद्धाविरोधी विधेयकावरच्या एका परिसंवादात कलबुर्गींनी मूर्तिपूजेविषयी बोलताना कन्नड कादंबरीकार यू. आर. अनंतमूर्तींच्या जुन्या लेखनाचा दाखला दिला. त्यावरून निदर्शने झाली, घरावर दगड-बाटल्या आल्या. तेव्हा महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला वर्ष होत आले होते: २० ऑगस्ट २०१३, पुणे. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि उमा पानसरे यांच्यावर गोळीबार झाला. चार दिवसांनी पानसरे गेले. मग धारवाड. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरला पत्रकार गौरी लंकेश. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर ही चारही गावे एकाच महामार्गावर आहेत, आणि बेळगाव त्याच्या मधोमध. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावरच्या गोळ्या एकाच पिस्तुलातून सुटल्याचे तपासात पुढे आले. इथे कर्नाटक-महाराष्ट्र ही सीमा मारेकऱ्यांना कधी आडवी आली नाही. ती आपल्या शोकालाच आडवी येते. दाभोलकर-पानसरे ‘आपले’ आणि कलबुर्गी-लंकेश ‘त्यांचे’, असे अजून बोलले जाते.

न्यायाची गाडी सावकाश चालली. तपास पुढे सरकत नाही म्हणून उमादेवी कलबुर्गी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तो लंकेश प्रकरणाचा छडा लावणाऱ्या विशेष पथकाकडे सोपवला, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी आरोपपत्र दाखल झाले. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

साहित्य अकादमीनेही आधी मौन धरले होते. पुरस्कार परत येऊ लागले, लेखक दिल्लीत काळ्या फिती लावून अकादमीसमोर मूकपणे चालले, तेव्हा २३ ऑक्टोबर २०१५ ला हत्येचा निषेध करणारा ठराव झाला. पुरस्कार परत करणाऱ्यांवर तेव्हा हेत्वारोप फार झाले. पैसेही परत करा, इतके दिवस कुठे होता, असे विचारले गेले. या प्रश्नांत एक गोष्ट विसरली गेली: पुरस्कार हे लेखकाकडे असलेले बहुधा एकमेव सार्वजनिक धन असते, आणि त्यांनी तेच पणाला लावले. गणेश देवी यांनी तर पुरस्कार परत केलाच, शिवाय पुढच्या वर्षी बडोदे सोडून ते धारवाडला राहायला आले आणि ‘दक्षिणायन’ ही लेखक-कलावंतांची चळवळ त्यांनी तिथून चालवली.

मराठीची परीक्षा २०१९ मध्ये झाली. यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले गेले, आणि विरोधाच्या धमक्या येताच ते निमंत्रण मागे घेतले गेले. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते, आणि त्यांचे भाषण ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडले. संमेलनाच्या अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. त्यांचे वडील रा. चिं. ढेरे यांनी पंढरीच्या विठ्ठलाचा शोध घेत कर्नाटकातली मंदिरे, लेख, लोकदैवते पालथी घातली होती. दैवताच्या मुळाशी जाणारा संशोधक परंपरेचा वैरी नसतो, हे महाराष्ट्राने त्यांच्यात पाहिले होते. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत सर्वदूर वाचले गेले आणि त्याच महिन्यात मुंबईत लेखक-कलावंतांनी त्यांना बोलावून ऐकले. ती चूक काही अंशी भरून निघाली, पण संमेलनाच्या मांडवात नव्हे.

सीमाभागाकडे मात्र स्वतःचे मांडव आहेत. कडोलीचे मराठी साहित्य संमेलन हिवाळ्यात भरते, अनेक वर्षे भरते आहे. ग्रंथदिंडी गावातून फिरते, बायका दारात रांगोळी काढतात, शेतातली कामे आवरून माणसे कथाकथनाला आणि कविसंमेलनाला येऊन बसतात. उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी इथेही अशी संमेलने होतात. सरकारी आधाराशिवाय, वर्गणीवर, मराठीत बोलण्या-लिहिण्याचा हक्क या गावांनी असा सांभाळला आहे. आपले म्हणणे आपल्या भाषेत मांडता यावे म्हणून झगडणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या तोंडावर ठेवलेला हात चटकन ओळखू यायला हवा. म्हणून कलबुर्गींवरचे एक सत्र या संमेलनांत शोभेल, किंबहुना दिल्ली-मुंबईपेक्षा इथेच जास्त शोभेल.

त्यासाठी लागणारी माणसे गावातच आहेत. मराठी शाळेत शिकलेली, पण कन्नड वाचता-लिहिता येणारी मुलेमुली इथे घरटी सापडतात. त्यांच्यातल्या चार-पाच जणांनी ‘मार्ग’मधले काही निबंध मराठीत आणावेत: एखादा शिलालेखांवरचा, एखादा आदिलशाहीवरचा, आणि चन्नबसवण्णांवरचा तो वादाचा निबंधही. कक्केरीहून आणि धारावीतून कक्कय्यांना मानणारे लोक बोलवावेत. ज्यांना कलबुर्गींचे अनुमान चुकीचे वाटते अशा लिंगायत अभ्यासकांनाही सन्मानाने व्यासपीठावर बसवावे आणि त्यांनी आपले पुरावे मांडावेत. टेबलावर आनंद यादवांची मागे घेतलेली कादंबरी ठेवावी. आणि धारवाडहून उमादेवींना बोलवायचे असेल तर पत्र कन्नडमध्ये लिहावे.